कालचा फोटो

शाळेत तिला नावानं कुणी हाक मारत नसे. मुलांची ती निरोपबाई आणि दारावरच्या काकांची दवंडीबाई. कागदोपत्री ती कारकून होती. फी घेणं, दाखले देणं, खडू-डस्टरची कपाटं सांभाळणं ही सगळी कामं ती करायची, पण उरकल्यासारखी. आपलं खरं काम एकच, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. ते म्हणजे शाळेत काय चाललंय ते घरच्यांना कळवणं.

त्यालाही कारण होतं. तिचा मुलगा पहिलीत असताना ती शर्टांना बटणं लावायच्या कारखान्यात होती. एकदा पोरगा शाळेत तापानं फणफणला आणि शाळा सुटेपर्यंत बाकावर तसाच पडून राहिला. ही तिकडे बटणं लावत बसलेली. कुणी चकार शब्दानं कळवलं नाही. मुलगा आता परगावी नोकरीला आहे, आठवड्यातून एकदा ‘ठीक आहे’ एवढं पाठवतो आणि मोकळा होतो, पण तिचा तो राग काही गेला नाही. या शाळेत चिकटल्यावर तिनं पहिलं काम काय केलं, तर फाटकाशी एक फळा टांगला. आज दुसरीनं मुंग्या पाहिल्या, आज चौथीचा चेंडू गच्चीवर गेला. न्यायला आलेल्या आया आधी फळा वाचायच्या, मग पोराचं दप्तर उचलायच्या. पुढे फोन आले, प्रत्येक वर्गाचा ग्रुप झाला आणि फळा अडगळीत गेला.

रोज मधल्या सुट्टीच्या आधी ती फोन घेऊन वर्गावर्गातून फिरायची. वर्गागणिक एक फोटो आणि खाली एक ओळ. तो पोचला की गावभर विखुरलेले आईबाप हातातलं काम टाकून फोनवर तुटून पडायचे. कुणाची आजी विचारायची, "स्वेटर घातलाय की काढला?" कुणाचे वडील नुसता अंगठा दाखवायचे. कुणी लिहायचं, "आमचा दिसत नाही." ती तिथल्या तिथे उत्तर द्यायची, "चिरंजीव बाकाखाली खोडरबर शोधतायत. उजवीकडे बूट दिसतोय बघा."

पूर्वी गैरहजर मुलांच्या घरी ती फोन करायची. फोटो सुरू झाल्यावर ते आपोआप मागे पडलं. मूल फोटोत नसलं की आईबापच विचारणार, मग वेगळा फोन कशाला? असं कुणी ठरवलं नव्हतं. पण होता होता हजेरीपटापेक्षा फोटोवर सगळ्यांचा भरवसा जास्त बसला, शाळेचासुद्धा.

तिचे नियम दोनच. एक दिवस चुकवायचा नाही, आणि ओळ गोडच लिहायची. माणसं कामावर असतात, रडकी बातमी वाचून तिथून काय करणार बिचारी, असं तिचं म्हणणं. दारावरचे काका तिला चिडवायचे. "दवंडीबाई, तुमच्या त्या फोनमधल्या शाळेत कुणी पडत नाही, रडत नाही, मारामारी करत नाही. मला तिथे लावा की दारावर. इथे माझा जीव जातो." ती हसून पुढे जायची. काकांनी तिला चहा दिला नाही असा दिवस नसायचा, त्यामुळे त्यांचं बोलणं ती मनाला लावून घेत नसे.

तर त्या दिवशी शाळा भरली आणि वरच्या मजल्यावरच्या मुतारीत नळाचा पाइप फुटला. पाणी जिन्यावरून धो धो खाली यायला लागलं. शिपाई रजेवर, मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका सभेला गेलेल्या. शेवटी बादल्या, पोती, प्लंबर, सगळं निरोपबाईच्याच गळ्यात आलं. तिनं फाटकावरच्या काकांना हाक मारली, "काका, टाकीचा कॉक बंद करा आधी, तो माझ्या हातानं फिरत नाही." काका फाटकाला कडी लावून मागे धावले. तिसरीच्या वर्गात घोट्यापर्यंत पाणी झालं होतं. मुलांना उचलून सभागृहात बसवलं. तिसरीच्या नेहमीच्या बाई आजारी, त्यांच्या जागी बदलीवर आलेली मुलगी, तिला धड कुणाचा चेहरा माहीत नाही. मुलं मोजे पिळत होती, दोघंतिघं घसरून रडत होती, एकाच्या दप्तराचा भिजून लगदा झाला होता.

बाकीच्या वर्गांचे फोटो तिनं कसेबसे काढले. तिसरीचा राहिला. कमरेला खोचलेला फोन सारखा थरथरत होता. तिसरीच्या ग्रुपवर विचारणा सुरू झाली होती. "आज फोटो नाही?" "सगळं बरं आहे ना?" तिनं एकदा सभागृहात डोकावून पाहिलं. हा ओला गोंधळ फोटोत गेला तर अर्धे आईबाप काम टाकून शाळेत येतील, आणि सभेहून परतलेल्या मोठ्या बाई आपल्याला फाडून खातील. त्यापेक्षा झाकली मूठ बरी.

ती जिन्यावर थांबली. फोनमध्ये आदल्या दिवशी तिसरीचे दोनतीन फोटो काढलेले होते, त्यातला एकच पाठवला होता. गणवेश तोच, बाकं तीच, पोरं तीच. कुणाला काय कळणार? तिनं उरलेल्यातला एक निवडला आणि खाली लिहिलं, ‘तिसरीची मंडळी आज मजेत.’ पाठवून दिला आणि बादली उचलली. पुढचे दोन तास तिला फोटोची आठवणसुद्धा झाली नाही.

शाळा सुटली तेव्हा जिना कोरडा झाला होता आणि निरोपबाईची साडी गुडघ्यापर्यंत ओली होती. मुलं फाटकातून पांगली. तेवढ्यात ऑफिसच्या दारात तिसरीतल्या खारूची आई आली. खारू हे लाडाचं नाव. नवे पुढचे दात मोठे आले होते म्हणून घरात पडलेलं. आई रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. तिथे फोन कपाटात ठेवावा लागायचा, चहाच्या सुट्टीत तेवढा हातात यायचा. ती सकाळी मुलीला कोपऱ्यावर सोडायची आणि बस पकडायला पळायची. कोपऱ्यापासून फाटक दिसतं, तेवढं अंतर पोरगी एकटी चालून यायची. वडील लांब दुसऱ्या गावी बांधकामावर.

"बाई, खारू कुठे आहे? वर्गात थांबवलीय का?"

"नाही हो. सगळी सुटली."

"बाहेर नाही आली ती. मी फाटकाशीच उभी होते."

बदलीवरची बाई हजेरीपट घेऊन खाली येतच होती. तिनं पट उघडून पाहिला. "ही आज आलीच नाही, ताई. मी गैरहजेरी लावलीय."

"असं कसं? आली होती." आईनं पर्समधून फोन काढला. "हा बघा फोटो. ही काय दुसऱ्या ओळीत बसलीय."

निरोपबाईनं फोटो पाहिला. दुसऱ्या ओळीत खिडकीकडेला खारू बसली होती, तोंडावर हात धरून. फोटोच्या वर आजची तारीख. खाली हिनं लिहिलेली ओळ. त्याखाली आईनं लावलेला लाल बदाम आणि लांबच्या गावाहून बापाचा अंगठा.

बदलीवरची बाई फोटोकडे पाहत राहिली. तिचा आवाज बारीक झाला. "मी नाव घेतलं तेव्हा कुणी हजर म्हणालं नाही. पण पाणी आलं होतं, गोंधळ होता. मला मुलं ओळखू येत नाहीत अजून. माझंच चुकलं असेल."

आता निरोपबाईनं बोलायला हवं होतं. ‘तुमचं नाही चुकलं, तो फोटो कालचा आहे.’ वाक्य एवढंच होतं आणि ते जिभेवर येऊन अडलं. तिच्या मनात एकाच वेळी सतरा विचार आले. नोकरी जाईल. सगळे आईबाप विचारतील, याआधी किती वेळा असं केलंत? कुणाला खरं वाटेल की आजच केलं? आणि त्याच्याही खाली एक भाबडी आशा, की पोरगी उशिरा आली असेल, इथेच कुठेतरी असेल, आता दोन मिनिटांत सापडेल आणि बोलायची वेळच येणार नाही.

मोठ्या बाई आल्या. त्यांनी फोटो पाहिला, हजेरीपट पाहिला आणि फोटोवर विश्वास ठेवला. "म्हणजे सकाळी ती वर्गात होती आणि नंतर नाहीशी झाली. शाळेच्या आतून." त्यांनी शिक्षकांना वाटून दिलं. कुणी गच्चीवर गेलं, कुणी मागच्या अडगळीच्या खोलीत, कुणी टाकीकडे. टाकी हा शब्द ऐकला आणि खारूची आई भिंतीला टेकली.

"दारावर कोण होतं?" मोठ्या बाईंनी विचारलं.

काका समोर येऊन उभे राहिले. टोपी हातात. "मीच होतो."

"मुलगी बाहेर गेलेली दिसली नाही?"

"नाही दिसली." मग ते थांबले. "मध्ये पाणी बंद करायला मागे गेलो होतो, बाई. कॉक गंजलाय, लवकर फिरेना. फाटकाला कडी होती. पण कडी आतूनच आहे. पोराचा हात पोचतो."

काकांना कुणी मागे पाठवलं ते फक्त दोघांना माहीत होतं, आणि काकांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिचं नाव घेणं त्यांना सहज जमलं असतं.

"फाटक सोडून गेलात?" मोठ्या बाईंचा आवाज चढला. "तुमच्या भरवशावर लोक मुलं सोडतात इथे. पोलिसांना मी आता काय सांगू? शाळा भरलेली असताना, दारावर माणूस नसताना मूल बाहेर गेलं, हेच ना?"

"हेच सांगा," काका म्हणाले. "खरं तेच आहे." त्यांनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढला आणि टेबलावर ठेवला. नात असलेला माणूस तो. आपल्यामुळे एक पोर गेलं हे त्यांनी तेवढ्यात मनात मान्यही करून टाकलं होतं.

मोठ्या बाईंनी फोन उचलला. खारूची आई मध्येच म्हणाली, "त्यांना सांगा, सकाळी मजेत होती ती. फोटोत मजेत आहे."

तिथे निरोपबाईचा धीर संपला. धीर म्हणायचा तो गप्प बसायचा.

"फोटो कालचा आहे."

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"कालचा आहे," ती पुन्हा म्हणाली. "आज तिसरीचा फोटो मी काढलाच नाही. वर्गात पाणी होतं. दिवस चुकू नये म्हणून कालचा उरलेला पाठवला. या बदलीवरच्या बाईंचा पट बरोबर आहे. खारू आज शाळेत आलीच नाही. आणि काकांना मागे मी पाठवलं होतं."

मोठ्या बाईंनी फोन खाली ठेवला. "तुम्ही इतका वेळ इथे उभ्या होतात."

"हो."

"आम्ही टाकी उपसायला निघालो होतो."

खारूची आई तिच्याजवळ आली. आता ही आपल्याला मारणार असं निरोपबाईला वाटलं आणि तिनं ते मनातून चालवूनही घेतलं. पण आईनं फक्त विचारलं, "म्हणजे सकाळपासून? मी कोपऱ्यावर सोडल्यापासून?"

"हो, ताई."

"दिवसभर ती कुठेतरी आहे, आणि मी चहा पीत तिचा फोटो बघत होते." तिचा आवाज अगदी साधा होता, त्यामुळे ते ऐकवेना.

काकांनी किल्ल्या उचलल्या नाहीत. "मी कोपऱ्यावरच्या दुकानांत विचारतो," म्हणाले आणि सायकल काढून निघाले. मोठ्या बाई पोलिसांशी बोलू लागल्या. पलीकडून प्रश्न येत होते ते त्या मोठ्यानं विचारत होत्या. घरात काही भांडण? कुणी नातेवाईक? काल काही वेगळं घडलं?

काल. निरोपबाई दाराची चौकट धरून आठवू लागली. काल ती तिसरीत गेली तेव्हा वर्ग खदाखदा हसत होता. तिला बरं वाटलं होतं, हसरा वर्ग म्हणजे चांगला फोटो. खारू तेवढी तोंडावर हात धरून बसली होती. "हात खाली घे गं, हस बघू," असं म्हणून तिनं एक काढला होता. तोच पाठवला, खाली ओळ लिहिली होती, ‘तिसरीत आज हशाच हशा.’ बाहेर पडताना पोरगी मागे आली होती.

"तिनं मला काल विचारलं," ती म्हणाली. "बाई, दुसऱ्या शाळेतही रोज फोटो काढतात का? मी म्हटलं, कुणाला ठाऊक, का गं? तर म्हणाली, ढमीचा बघायचा होता."

ढमी म्हणजे खारूची बाकावरची जोडीदारीण. अंगानं गुबगुबीत आणि तोंडानं तिखट. तिच्या बापाचं कपडे धुण्या-इस्त्रीचं दुकान. दुकान हललं तशी पोरगीही गेल्या महिन्यात शाळा सोडून गेली होती.

खारूच्या आईनं डोळे मिटले. "काल रात्री मलाही म्हणाली. ढमीच्या शाळेत जाऊ का? मी म्हटलं, बघू. आज किती मजा केलीत तुम्ही, पाहिलं मी फोटोत." तिनं पर्स खांद्याला लावली. "पुलापलीकडे आहे ती शाळा. बाजाराच्या मागे."

पूल म्हणताच निरोपबाई दाराची चौकट सोडून तिच्यामागे निघाली. त्या पुलावर चालणाऱ्याला जागाच नाही. मालाचे ट्रक कठड्याला घासून जातात. मोठी माणसंसुद्धा तिथून जीव मुठीत धरून जातात.

रिक्षात दोघी शेजारी बसल्या. येऊ नका असं आई म्हणाली नाही, या असंही म्हणाली नाही. रस्त्यावर गणवेशातली पोरं दिसली की दोघी एकदमच पुढे वाकायच्या आणि एकदमच मागे टेकायच्या. निरोपबाईचा फोन तिच्या हातातच होता. तिसरीच्या ग्रुपवर कुणीतरी अजूनही त्या फोटोला फुलं पाठवत होतं. निरोपबाईला तो फोन पुलावरून खाली भिरकावून द्यावासा वाटला, पण पोलिसांचा फोन त्याच्यावरच यायचा होता.

पुलाच्या तोंडाशी वाहनं तुंबलेली. रिक्षा हलेना. पुढे काय झालंय ते दिसत नव्हतं. रिक्षावाल्यानं मान बाहेर काढली आणि सहज बोलला, "मघापासून असंच आहे. काहीतरी अपघात झालाय म्हणतात."

आईनं काही ऐकून घेतलं नाही. उतरली आणि पळत सुटली. निरोपबाई तिच्या मागे. ओली साडी पायात येत होती, ट्रकांचे आरसे खांद्याला लागत होते. तिला देव आठवत नव्हता, प्रार्थना आठवत नव्हती. तिला एकच वाक्य आठवत होतं, ‘तिसरीची मंडळी आज मजेत.’ ते तिनं बादली खाली ठेवून, एका हातानं, जिन्यावर उभं राहून लिहिलं होतं. इतकं सोपं गेलं होतं ते.

पुलाच्या मध्यावर एक टेंपो कठड्याला तिरका अडकला होता. त्यातले कांदे रस्ताभर सांडले होते. लोक ते गोळा करत होते. टेंपोवाला डोक्याला हात लावून बसला होता आणि त्याच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. आईनं त्याला गदागदा हलवून विचारलं, "कुणी मूल होतं का? लहान मुलगी?" तो म्हणाला, "नाही हो, नुसते कांदे." ती रस्त्यात उभ्या उभ्या रडायला लागली. निरोपबाईनं तिचा दंड धरला. तिनं तो झटकला नाही. दोघी तशाच पुढे गेल्या.

बाजारामागच्या शाळेचं फाटक बंद होतं, ती शाळा उशिरा सुटायची. समोर वह्या-पेन्सिलींचं दुकान. दुकानाच्या पायरीवर, गणवेशावर स्वेटर घालून, दप्तर मांडीवर घेऊन खारू बसली होती.

आई धावत तिच्यापर्यंत पोचली, निरोपबाई मागे विजेच्या खांबाशी थांबली. दुकानातली बाई बाहेर येऊन बोलत होती. "तुम्हीच आई का? सकाळपासून दहा वेळा विचारलं हिला. दरवेळी एकच, आई येतेय न्यायला. पाणी दिलं, बिस्किटं दिली. आता शाळा सुटली की आत मास्तरांना सांगणार होते."

आई पोरीला छातीशी धरून बसली होती. मारलं नाही, रागावली नाही. मग तिला दूर धरून म्हणाली, "सांगून यायचं ना गं. एकटी कशी आलीस? मला कळणार कसं?"

खारूला प्रश्नच समजला नाही. तिचा चेहरा दिवसभराच्या उन्हानं आणि वाट बघण्यानं सुकला होता. "फोटोत मी नव्हते ना," ती म्हणाली. "तू रोज बघतेस. मी दिसले नाही की तुला कळणार होतं. आणि मी काल सांगितलं होतं ढमीच्या शाळेत जायचंय. म्हणून मी इथेच थांबले." तिचा ओठ खाली वळला. "मी किती वाट बघितली. तू आलीच नाहीस."

आई निरोपबाईकडे बघायला लागली. निरोपबाई रस्त्यावरच, खारूच्या पुढ्यात उकिडवी बसली.

"तिला कळलं नाही, बाळ. मी कळू दिलं नाही. आज मी कालचाच फोटो पाठवला. त्यात तू होतीस."

"कालचा?"

"कालचा."

"बघू."

आईनं फोन तिच्या हातात दिला. खारूनं बोटानं फोटो मोठा केला. दुसऱ्या ओळीत स्वतःला शोधलं.

"हा कालचाच आहे," ती म्हणाली. "काल मला सगळे फावडं म्हणत होते. दातांना. ते मलाच हसतायत बघ. म्हणून मी हात धरलाय. ढमी असती तर तिनं मारलं असतं त्यांना." मग तिनं मान वर करून आईला विचारलं, अगदी खरंखुरं, काही टोचायचं म्हणून नाही, "मग तू बघितलास तेव्हा तुला कसं नाही कळलं?"

तो प्रश्न आईला विचारला होता, पण निम्मा आपला आहे हे निरोपबाईला पक्कं ठाऊक होतं. फाटकामागे घंटा झाली, मुलांचा लोंढा बाहेर आला आणि त्यातून एक गुबगुबीत पोरगी किंचाळत येऊन खारूच्या गळ्यात पडली.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी तिला ताकीद दिली, तीही लेखी. झाला प्रकार ग्रुपवर ‘छोटासा गैरसमज’ म्हणून कळवावा असं त्यांचं मत पडलं. निरोपबाई म्हणाली, "नोकरी घ्यायची तर घ्या, पण ते मी लिहिणार नाही." तिनं सगळ्या वर्गांना लिहिलं की काल तिसरीचा फोटो आदल्या दिवशीचा होता, तो मी पाठवला, त्यामुळे एक मूल दिवसभर हरवलेलं कुणाला कळलं नाही, आणि दारावरच्या माणसाची यात काही चूक नव्हती. इथून पुढे गैरहजर मुलाच्या घरी मी स्वतः फोन करीन. लोकांनी तिला नको नको ते लिहिलं. ते सगळं तिनं वाचलं.

काका फाटकावर परत आले होते. तिनं किल्ल्यांचा जुडगा नेऊन दिला आणि माफी मागितली. त्यांनी जुडगा कमरेला लावला. "पोर सापडलं ना, झालं तर मग," एवढंच म्हणाले. पण दवंडीबाई म्हणाले नाहीत, आणि चहाही दिला नाही. ते तिला ताकिदीपेक्षा जास्त लागलं.

मधल्या सुट्टीच्या आधी ती फोन घेऊन तिसरीत गेली. खारू खिडकीशी बसली होती, शेजारची जागा रिकामीच. तिनं फोटो काढला. खाली काय लिहावं ते तिला सुचेना. ‘मजेत’ हा शब्द लिहिला आणि खोडला. शेवटी तिनं फोटो तसाच पाठवला, ओळीशिवाय. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

अंगठे आले, फुलं आली. मग खारूच्या आईचं उत्तर आलं. बदाम नव्हता. "दिसली. पण ती बरी आहे का?"

निरोपबाईची बोटं सवयीनं चालायला लागली होती. ‘हो, एकदम छान.’ ती थांबली. जे लिहिलं होतं ते पुसलं, फोन कमरेला खोचला आणि परत तिसरीत गेली. खारूच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर, त्या लहानशा बाकावर, अंग चोरून बसली.

"तुझ्या आईनं विचारलंय, तू बरी आहेस का? काय सांगू?"

खारूनं वर्गाकडे पाहिलं. वर्ग बघत होता. मग ती निरोपबाईच्या कानाशी लागली.

ऑफिसात येऊन निरोपबाईनं लिहिलं, "विचारून आले. म्हणाली, थोडी बरी आहे, थोडी नाही. बाकीचं ती तुम्हालाच सांगणार आहे, घरी गेल्यावर. फोटो बघू नका म्हणाली, विचारा."